केस स्टडी सहा दिवस उशिरा आली. घ्यायची की शून्य द्यायचं?

वॉर्ड_ते_वर्ग

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. नर्सिंगला मेडिकल-सर्जिकल शिकवते. नऊ वर्षं झाली. पुढच्या सेमिस्टरपासून आमच्याकडे सबमिशनचे नियम लेखी करायचे ठरलंय आणि मसुद्याचं काम माझ्याकडे आलंय. आजवर नियम तोंडी होता: तारीख गेली की फाइल घ्यायची नाही, त्या कामाला शून्य. मीही तो इतकी वर्षं पाळत आले. गेल्या महिन्यात मात्र अडकले.

सर्जिकल वॉर्डचं पोस्टिंग (वॉर्डातल्या ड्यूटीचा काळ) संपलं, केस स्टडी मंगळवारी पाचपर्यंत द्यायची होती. चाळीसपैकी ३९ फाइली वेळेत आल्या. चाळिसावी आली पुढच्या सोमवारी. त्या मुलीने डायबिटीसमुळे पायाला जखम झालेल्या आजोबांची केस घेतली होती. पोस्टिंग संपल्यावरही ती वर्ग सुटल्यावर वॉर्डात जात होती, कारण ड्रेसिंगनंतर जखम किती भरली हे तिला लिहायचं होतं. प्रत्येक ड्रेसिंगला माप घेतलंय. पहिल्या दिवशी साडेचार बाय तीन सेंटिमीटर, शेवटच्या दिवशी चार बाय पावणेतीन. आणि शेवटच्या पानावर, इव्हॅल्युएशनच्या रकान्यात: "पेशंटला नातेवाईक शनिवारी डामा (डॉक्टरांचा सल्ला डावलून डिस्चार्ज) करून घेऊन गेले. इव्हॅल्युएशन पूर्ण करता आलं नाही. घरी ड्रेसिंग कोण करणार विचारलं. सून म्हणाली, बघू."

वेळेत आलेल्या ३९ फाइलींत बहुतेक ठिकाणी त्याच रकान्यात एकच वाक्य आहे, 'गोल मेट', म्हणजे उद्दिष्ट साध्य. काहींत तर आधीच्या बॅचच्या पेशंटचं वय तसंच राहून गेलंय.

फाइल माझ्या टेबलावर पडून आहे. नियमाने तिला शून्य. तुम्ही काय कराल? आणि नियम नव्याने लिहायचाच असेल, तर कसा लिहाल?

आयसीयू_नाईट

फाइल घ्या. पूर्ण मार्क द्या. विषय संपला.

शुभदा_मावशी

विषय संपत नाही हो. मी सिव्हिलमधून मेट्रन म्हणून रिटायर झाले, ३४ वर्षं नोकरी. आमच्या काळी ट्यूटर सिस्टरनी रेकॉर्ड बुक परत फेकलेलं मी पाहिलंय, आणि ते मला आवडायचं नाही. तरीही वेळेच्या बाबतीत मी कडकच बोलणार. रात्री आठचं अँटिबायोटिक दहाला दिलं तर चालेल का? इन्सुलिन आधी देऊन जेवणाचं ताट तासाभराने आलं तर? वेळ पाळायची सवय नोकरी लागल्यावर लागत नाही, ती हॉस्टेलमध्ये असतानाच लागते. एकीला सूट दिली की पुढच्या पोस्टिंगला दहा जणी "माझाही पेशंट डामा झाला" सांगत उभ्या राहतील.

मुलगी गुणी दिसते. पण तिने मंगळवारी येऊन "मॅडम, मला आठवडा लागेल" एवढं सांगायला हवं होतं. वॉर्डात उशीर होणार असेल तर आपण फोन करून कळवतोच ना.

वॉर्ड_ते_वर्ग

मावशी, न सांगण्याचा मुद्दा बरोबर आहे. मी तिला विचारलं. म्हणाली, "मॅडम, सांगितलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता." खरं सांगते, मी नाहीच म्हणाले असते.

थर्डइयर_लातूर

ताई, मी विद्यार्थिनी आहे, आमची बाजू सांगते. सकाळी साडेसातला वॉर्डात, दोनला सुटका, तीन ते पाच थिअरी. हॉस्टेलवर येऊन कपडे धुऊन, जेवून आठ वाजतात. पोस्टिंग सगळ्या विषयांचं एकाच आठवड्यात संपतं. मागच्या वेळी एका आठवड्यात मला केस स्टडी, केस प्रेझेंटेशन, दोन केअर प्लॅन, ड्रग बुक, हेल्थ टॉकचे चार्ट आणि प्रोसिजर बुकवरच्या सह्या, एवढं सगळं द्यायचं होतं. प्रत्येक मॅडमना वाटतं आपलं एकच काम आहे. मग एका मुलीची जुनी फाइल सगळ्या खोल्यांतून फिरते. रात्री दोनपर्यंत उतरवायचं, सकाळी परत वॉर्डात.

त्या मुलीने तसं केलं नाही. तिला शून्य मिळालं तर पुढच्या वेळी तीही जुनी फाइल मागायला येईल. कुणाकडे मागायची हे तिला माहीत असणारच.

प्रा_कम्युनिटी

थोडा हिशेब मांडतो, म्हणजे चर्चा नेमक्या जागी येईल. भारतीय परिचर्या परिषदेची बी.एस्सी. नर्सिंगची सुधारित नियमावली जुलै २०२१ मध्ये राजपत्रात आली आणि आपण सेमिस्टर पद्धतीवर गेलो. बहुतेक विषयांत प्रॅक्टिकलच्या इंटर्नलमध्ये सतत मूल्यमापनाचे १० मार्क असतात आणि सेशनलचे, म्हणजे अंतर्गत परीक्षेचे, १५. ते १० कसे येतात? हजेरी २, क्लिनिकल असाइनमेंट १०, वॉर्डातल्या रोजच्या कामाचं मूल्यमापन १०, पोस्टिंगच्या शेवटची ऑस्की (टप्प्याटप्प्याने घेतलेली प्रात्यक्षिक परीक्षा) ५, प्रोसिजर पूर्ण केल्याबद्दल ३. एकूण ३०, त्याला तीनने भागायचं. क्लिनिकल असाइनमेंटच्या १० मध्ये केस स्टडीला ५ आहेत.

म्हणजे तुम्ही शून्य दिलंत तर त्या मुलीचे इंटर्नलमधले थोडेच मार्क जातील. मार्कांची शिक्षा मोठी नाहीच. मोठी शिक्षा दुसरी: सही मिळत नाही, लॉगबुक अपुरं राहतं आणि परीक्षेच्या तोंडावर ऑफिसच्या दारात उभं राहावं लागतं. त्या भीतीनेच फाइली उतरवल्या जातात.

आणखी एक. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हींत ५० टक्क्यांना पास, थिअरीला किमान ८० टक्के हजेरी, पण क्लिनिकलची हजेरी पदवी मिळण्याआधी १०० टक्के भरून काढावीच लागते. नियम करणाऱ्यांनी तिथे शून्य ठेवलेलं नाही. बुडालेली ड्यूटी भरून द्या, असं म्हटलंय. लिखाणाला आपण वेगळा न्याय का लावतो?

मुलीचे_बाबा

नमस्कार. माझी मुलगी जीएनएमच्या (नर्सिंग डिप्लोमाच्या) दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही शेतकरी, पाथर्डी तालुका. तिच्या कॉलेजात फाइल उशिरा दिली की दिवसाला ५० रुपये. तीन फाइलींचे मिळून साडेसातशे भरले. पावती मागितली तर मिळाली नाही. पोरगी म्हणाली, बाबा बोलू नका, मॅडम इंटर्नलला बघतील. तुम्ही सगळे शिकलेले लोक आहात म्हणून विचारतो. पैसे भरल्यावर फाइल चांगली होते का?

थर्डइयर_लातूर

काका, नाही होत. आणि ज्यांच्याकडे पैसे असतात त्या मुली सरळ म्हणतात, पन्नास रुपये गेले तर गेले, आज झोपते.

आयसीयू_नाईट

दंडाची गोष्ट वाचून राग आला. दादा, पावती नसेल तर लेखी अर्ज करून मागा. अर्ज एकटीच्या नावाने नको, चार-पाच पालकांच्या सह्यांनी द्या. मग एकीला इंटर्नलला बघणं जड जाईल.

शुभदा_मावशी

दंडाला माझाही विरोध. ज्या बापाने बियाण्याला उसने आणलेत त्याच्याकडून केअर प्लॅनचे पैसे घ्यायचे नाहीत. आमच्या वेळी शिक्षा म्हणजे जादा ड्यूटी होती, तीही मला आता चूकच वाटते. पेशंटची सेवा ही शिक्षा म्हणून दिली की पोरींच्या मनात ती शिक्षाच होऊन बसते.

अश्विनी_लेस्टर

मी नगरची. सध्या इंग्लंडमध्ये नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना प्लेसमेंटवर बघते. इकडे बऱ्याच ठिकाणी उशिरा दिलेलं काम तपासतात, पण मार्क पासपुरतेच मिळतात, कितीही चांगलं असलं तरी. आजारपण, घरातला मृत्यू, लहान मुलाची अडचण असेल तर आधी अर्ज करायचा आणि मुदत वाढवून घ्यायची. तो अर्ज शिकवणाऱ्या बाईंकडे जात नाही, वेगळ्या टेबलावर जातो. मला हे फार आवडतं. विद्यार्थ्याला आपल्याच परीक्षकापुढे घरचं रडगाणं गावं लागत नाही.

लिखाणाचं हे असं. पण प्रत्यक्ष कामाच्या तासांत तडजोड नाही. नोंदणीसाठी ४६०० तासांचं शिक्षण लागतं, निम्मं वर्गात, निम्मं पेशंटजवळ. आजारी पडलात तर कुणी रागावत नाही, पण तास नंतर भरावेच लागतात. म्हणजे प्रा. सरांनी सांगितलेलं १०० टक्क्यांचं तत्त्व इकडेही तेच आहे.

रेकॉर्डवाली_सिस्टर

विषयाला थोडा फाटा फोडते. केस स्टडीला मार्क कशाचे देतो आपण? मी शिकत असताना ज्या मुलीची बॉर्डर स्केच पेनने काढलेली, मथळे दोन रंगांत आणि हृदयाची आकृती चार्टसारखी, तिला साडेचार. माझ्या केसमध्ये पेशंटचा पोटॅशियम खाली गेल्याचं मी पकडलं होतं, इन्चार्ज सिस्टरनी शाबासकी दिली होती. मला तीन. शेरा: "नीटनेटकेपणा कमी." हॉस्टेलखालच्या स्टेशनरीवाल्या काकांना आमच्या सबमिशनच्या तारखा पाठ होत्या, आधीच रंगीत पेनांचा डबा पुढे आणून ठेवायचे.

तारखेचा नियम करताना हेही लिहा, ताई. तीस पानी अॅनाटॉमी उतरवायला लावली नाही तर अर्धा उशीर तिथेच मिटेल.

वॉर्ड_ते_वर्ग

हे अगदी पटलं. त्या मुलीची फाइल अकरा पानांची आहे. बाकीच्या पस्तीस-चाळीस पानांच्या.

ब्रदर_यवतमाळ

उशिराचा एक प्रकार कुणी बोललंच नाही. माझं शिक्षण जुन्या सिलॅबसचं. मिडवाइफरीला ३० अँटिनेटल (गरोदरपणातल्या) तपासण्या, २० नॉर्मल डिलिव्हरी, ५ एपिसिओटॉमी (बाळंतपणात द्यायचा छेद), असा आकडा होता. आमच्या पोस्टिंगला एका लेबर रूममध्ये तीन कॉलेजांची पोरंपोरी. एका टेबलाभोवती आठ जण. त्यात मी ब्रदर. कितीदा तरी पेशंटच्या सासूने मला बाहेर थांबायला सांगितलं, आणि त्या बाईचा तो हक्कच होता, मी काही बोललो नाही. पोस्टिंग संपलं तेव्हा माझ्या नावावर सहा डिलिव्हरी होत्या.

कॉलेजने सांगितलं, शुक्रवारपर्यंत लॉगबुक पूर्ण पाहिजे. आता चौदा बाळंतपणं मी शुक्रवारपर्यंत कुठून आणणार होतो? सगळ्यांनी जे केलं तेच मी केलं. रजिस्टरमधून पेशंटचे आयपी (भरतीचे) नंबर उतरवले, मागच्या तारखा टाकल्या, सह्या घेतल्या. सही करणाऱ्यांनाही माहीत होतं. त्या वेळी सुटलो म्हणून बरं वाटलं. पुढे पीएचसीला कंत्राटी लागलो. एका रात्री डॉक्टर नव्हते, १०८ यायला वेळ होता आणि बाळाचा खांदा अडकला. माझ्यासोबतच्या जुन्या एएनएम ताईंनी बाळ काढलं. माझ्या लॉगबुकात २० लिहिलेले होते. हात मात्र सहाचेच होते.

त्या ताईंच्या मागे लागून नंतर वर्षभरात शिकलो. पण आजही कुणी 'लॉगबुक कम्प्लीट' म्हटलं की मला ती रात्र आठवते.

आयसीयू_नाईट

दादा, हे लिहिल्याबद्दल आभार. बाळ?

ब्रदर_यवतमाळ

बरं होतं. उशिरा रडलं, पण रडलं.

शुभदा_मावशी

ब्रदरचं वाचून मी मघाशी मोबाईल बाजूला ठेवला. आता लिहिते.

वॉर्डात आमची सगळ्यात मोठी लढाई पोरी उशीर करतात याची नव्हती. टीपीआर चार्टची (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदींची) होती. दुपारी दोनला ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून ताबा) घेताना बघावं तर सहा, दहा, दोन, तिन्ही वेळांची टेम्परेचर एकाच शाईत, एकाच हाताने, एका दमात भरलेली. अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा, अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा. पेशंटच्या कपाळाला हात लावावा तर चटका. मी नवीन सिस्टरना एकच शिकवायचे: राहिलं तर राहिलं म्हणून लिही. आत्ता किती वाजले ती वेळ टाक, 'उशिरा नोंद' असं लिही, मग जे पाहिलंस ते लिही आणि सही कर. मी ओरडेन, पण तुला वाचवेन. मागची वेळ टाकलीस तर मात्र तुला वाचवणार नाही, कारण पुढच्या शिफ्टची सिस्टर आणि डॉक्टर तुझ्या त्या खोट्या आकड्यावर औषध ठरवणार आहेत.

आता मला प्रश्न पडलाय. हे मागच्या तारखेचं वळण पोरींना लागतं कुठे? वॉर्डात यायच्या आधीच, आपल्या सबमिशनमध्ये लागतं. तारीख गेली की शून्य म्हटल्यावर ती तारीखच खोटी लिहिणार. ट्यूटर, ते पहिलं मत मी मागे घेते. फाइल घ्या. तिने मागची तारीख टाकली नाही, यातच तिचे अर्धे मार्क आहेत.

प्रा_कम्युनिटी

मावशींनी मर्मावर बोट ठेवलं. वॉर्डात जो 'उशिरा नोंद'चा नियम, तोच सबमिशनला लावता येईल. खरी तारीख, खरं कारण, विद्यार्थ्याची सही, ट्यूटरची सही. या चार गोष्टी असतील तर काम तपासायचं.

मात्र पाचपैकी एक मार्क उशिराचा जावा, असं मला वाटतं. मुदतीला काहीच किंमत नसेल तर वेळेत दिलेल्या प्रामाणिक मुलींवर अन्याय होतो. अशा मुली असतात, त्या ३९ मध्येही असतील.

थर्डइयर_लातूर

सर, एक मार्क जाऊ दे, चालेल. पण एका आठवड्यात सात कामं नकोत. आणि एक विचारू का? राग मानू नका. आम्ही दिलेल्या फाइली परत कधी मिळतात? माझी पहिल्या पोस्टिंगची केस स्टडी तिसऱ्या पोस्टिंगनंतर मिळाली. आत फक्त टिकमार्क. काय चुकलं ते कळलंच नाही, मग तीच चूक दोनदा झाली. तपासून द्यायची तारीख पण नियमात लिहा ना.

रेकॉर्डवाली_सिस्टर

शंभर टक्के पाठिंबा.

वॉर्ड_ते_वर्ग

बरोबर बोललीस, राग कशाला. माझ्या कपाटात आत्ता दोन महिन्यांपूर्वीचा गठ्ठा आहे. आम्ही चाळीस मुलांमागे दोघी आहोत, एकीची निम्मा दिवस वॉर्डात ड्यूटी, पण ते कारण मुलांनी का सोसायचं.

आज बसून मसुदा लिहिला. सगळे मुद्दे घेता आले नाहीत, जे घेतले ते सांगते. फाइल उशिरा आली तर वरच्या पानावर 'उशिरा सादर', खरी तारीख आणि कारण. दहा दिवसांपर्यंत पाचपैकी एक मार्क कमी, त्यानंतर पास होण्यापुरतेच मार्क, पण काम घ्यायचंच. आधी सांगून मुदत मागितली तर मार्क कापायचे नाहीत, आणि तो अर्ज विषयाच्या ट्यूटरकडे न देता क्लास को-ऑर्डिनेटरकडे द्यायचा (अश्विनीताई, हे तुमचं). पेशंट अजून वॉर्डात आहे म्हणून थांबायचं असेल तर ते चालणारं कारण आहे, असं स्पष्ट लिहिलंय. पैशाचा दंड नाही. शिक्षा म्हणून ड्यूटी नाही. केस स्टडी पंधरा पानांच्या आत, अॅनाटॉमी दोन पानांपेक्षा जास्त नाही. सर्व विषयांच्या तारखा सेमिस्टरच्या सुरुवातीला एका कागदावर, एका आठवड्यात दोनपेक्षा जास्त कामं नाहीत. फाइल पंधरा दिवसांत शेऱ्यासह परत.

प्रोसिजरच्या आकड्यांचं मात्र मला नीट जमलेलं नाही. ब्रदर, तुमच्यासाठी एवढंच लिहू शकले: पोस्टिंगमध्ये आकडा पूर्ण झाला नाही तर जितका झाला तितकाच लिहायचा, आणि उरलेल्यासाठी जादा पोस्टिंग मिळवून देणं ही कॉलेजची जबाबदारी. नव्या अभ्यासक्रमात आठव्या सत्रात २२ आठवड्यांची इंटर्नशिप आहे, त्यातले चार मिडवाइफरीचे. राहिलेलं तिथे भरता येईल असं मी सुचवलंय. मॅनेजमेंट मान्य करेल का, बघायचं. हॉस्पिटलशी बोलणी करावी लागणार.

ब्रदर_यवतमाळ

'जितका झाला तितकाच लिहायचा' हे वाक्य काढू देऊ नका मॅडम. बाकी काहीही कापू द्या.

मुलीचे_बाबा

आम्ही सहा पालकांनी काल अर्ज दिला. पावत्या देतो म्हणाले. कळवतो.

शुभदा_मावशी

छान झालं दादा. ट्यूटर, त्या पोरीला किती दिलेत?

वॉर्ड_ते_वर्ग

पाचपैकी चार. एक उशिराचा गेला. तिला सांगितलं तर म्हणाली, "बरोबर आहे मॅडम."

शुभदा_मावशी

आणि त्या आजोबांचं? जखम चारवर होती ना, आणि घरी बघणारं कुणी नाही.

वॉर्ड_ते_वर्ग

त्यांच्या गावच्या आशाताईंचा नंबर तिने वॉर्डातूनच मिळवून ठेवला होता. काल दोनदा फोन केला, लागला नाही. गावात रेंज नसते म्हणतात. आज ईव्हनिंगला मी तिच्यासोबत पुन्हा लावून बघणार आहे.